ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचे वाय-फाय
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कंपन्यांचे लॅपटॉप घरोघर पोचले. पुष्कळांची पहिली तक्रार एकच होती: घरचे वाय-फाय चालू आहे, पासवर्डही बरोबर आहे, तरी लॅपटॉप आत घेत नाही.

कारण सांगतो. अनेक कंपन्यांमध्ये पासवर्ड तपासणारा सर्व्हर कंपनीच्या आतच असतो. घरून तिथवर जायला व्हीपीएन लागतो, आणि व्हीपीएन सहसा सुरू होतो लॉगिन झाल्यानंतर. लॉगिन नाही म्हणून व्हीपीएन नाही, व्हीपीएन नाही म्हणून लॉगिन नाही! ऑफिसात एकदा लॉगिन केलेले असेल, तर विंडोज ती ओळख जपून ठेवते आणि घरी तिच्यावर निभावते. कोरा लॅपटॉप कुरिअरने थेट घरी आला, की अशी ओळखच नसते. म्हणून लॉगिनच्या पडद्यावरच वाय-फाय निवडता यावे आणि तिथूनच व्हीपीएन जोडता यावा, ही सोय आयटी विभागाने लॅपटॉप पाठवण्याआधी करून ठेवायची असते. नंतर फोनवरून ती करणे महाकठीण.

आता आत शिरलो. पण ऑफिसचे वाय-फाय आणि घरचे वाय-फाय यांत मूलभूत फरक आहे. मोठ्या ऑफिसात प्रत्येकाची ओळख वेगळी तपासली जाते. नोकरी सुटली की त्या एकाचेच दार बंद होते. घरी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, तोही मुलांच्या मित्रांना, पाहुण्यांना, कधी शेजाऱ्यांनाही माहीत. डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत पासवर्ड ठाऊक असलेला माणूस जोडणीच्या क्षणीचे संदेश पकडू शकला, तर दुसऱ्याची वाय-फायवरची रहदारी उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही फट बुजवली आहे, पण जुने राउटर अजून घराघरांत आहेत. त्यांवर पासवर्डाऐवजी पिनने जोडू देणारी डब्ल्यूपीएस नावाची सोयही असते. तिचा पिन आठ आकडी. पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरूनच ठरतो. त्यामुळे कोट्यवधी नव्हे, फार तर अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्ये उघड झाले. ही सोय बंदच ठेवावी.

आणखी एक खोडी. व्हीपीएन जोडला आहे, मेल येतात, पण ऑफिसचा एखादा सर्व्हर काही केल्या सापडत नाही. बऱ्याच घरगुती राउटरांचे पत्ते १९२.१६८.१ पासून सुरू होतात. ऑफिसानेही तीच मालिका वापरली असेल, तर लॅपटॉप त्या सर्व्हरला घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका बदलली की प्रश्न सुटतो. कंपनीने मुळातच कमी वापरातली मालिका घेतली असती, तर तो उद्भवलाच नसता.

मग माझे म्हणणे काय? घरचे वाय-फाय ऑफिसइतके भक्कम करा, असा उपदेश कंपन्या करतात. तो मला पटत नाही. घर हे घरच राहणार. तिथे टीव्ही असणार, स्वस्तातला कॅमेरा असणार. लॅपटॉपच असा हवा, की त्याने कुठलेही वाय-फाय रेल्वे स्थानकावरचे समजून वागावे: नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदवावे, फायरवॉल चालू ठेवावी, कंपनीची रहदारी व्हीपीएनमधून न्यावी.

आणि गृहस्थाने? राउटरचे ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करून ऑफिसचा लॅपटॉप तिथे जोडावा. पाहुण्याला ओसरीवर बसवतो तसे. घरचा प्रिंटर मग बहुधा सापडणार नाही, तेवढी गैरसोय सोसावी. कारण हे कुंपण दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. घरातल्या कॅमेऱ्यापासून कंपनीचा लॅपटॉप वाचतो, आणि लॅपटॉपवरच्या कंपनीच्या देखरेखीपासून घरातली बाकी उपकरणेही. सुरक्षिततेच्या चर्चेत ही दुसरी बाजू क्वचितच निघते. कंपनीच्या सूचनापत्रात ती नसेल, तर नोकरदाराने ती विचारून घ्यावी. कारण घरचे बिल तो भरतो.