माणसे गेली, मतदारसंघही गेला

(माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निम्न तेरणा प्रकल्पाच्या काठावरील माकणीसारख्या गावात लोकसभा-विधानसभेच्या जागावाटपाचा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. २००४ च्या निवडणुकीपर्यंत येथे उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, कळंब आणि परंडा असे विधानसभेचे पाच मतदारसंघ होते. २००८ च्या पुनर्रचनेत कळंब नाहीसा झाला. पाचाचे चार झाले.

हे कोणाचे कारस्थान होते काय? नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख भरली. विधानसभेच्या २८८ जागांनी तिला भागले, तर एका जागेमागे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. जिल्ह्याची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. तिच्या वाट्याला चारच जागा आल्या. त्याच गणिताने ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला आणि रत्नागिरी ७ वरून ५ वर आला. जेथून माणूस पोटासाठी बाहेर पडला, तेथून त्याच्यामागोमाग आमदारही गेला.

देशपातळीवर हे गणित दीर्घकाळ थांबवलेले आहे. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २०११ च्या लोकसंख्येचे सरळ प्रमाण ५४३ जागांना लावले, तर उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या घरात जातो आणि तामिळनाडू ३९ वरून ३२ वर येतो. दक्षिणेची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. राष्ट्र एक आहे. म्हणूनच संयम पाळणाऱ्या बांधवाचा आवाज क्षीण होऊ न देणे हे सर्वांचेच दायित्व ठरते.

महाराष्ट्राचे काय? त्याच हिशेबाने ४८ च्या सुमारे ५० जागा होतात. म्हणजे राज्याच्या वाट्यात मोठा फरक पडत नाही. खरी उलथापालथ आहे ती राज्याच्या आत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, हा जिल्हा साडेअकरा टक्क्यांनी, तर तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी. दिल्लीतील वाद वर्तमानपत्रांत गाजतो. मराठवाड्याचे बळ मात्र गाजावाजा न होता ओसरते.

पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ही जाहीर झाली आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जागा ठरतात त्या मतदारयादीवरून नव्हे, तर शिरगणतीवरून. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. हा ऐन गाळप हंगाम! ऊसतोडीला गेलेला मजूर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर असतो. गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे होते, असा त्या वेळचा नियम होता. मतदारयादीत नाव गावात, पण गणतीत माणूस परजिल्ह्यात, अशी ही विसंगती आहे. तो कोठेच मोजला गेला नाही, तर त्याहून मोठी हानी होते. कारण निधी आणि योजनाही याच आकड्यांवर बेतलेल्या असतात.

तेव्हा कर्तव्ये दोन. पहिले तातडीचे: प्रत्येक वस्तीतील, तांड्यातील, पालावरील माणूस मोजला गेला की नाही, हे तरुणांनी पाहावे. त्यात जात, पंथ, पक्ष पाहू नये. दुसरे चिरकालीन: माणसाला गाव सोडावेच लागू नये, असे पाणी, शिक्षण आणि उद्योग गावात उभे करणे. नानाजी देशमुखांनी गोंडा आणि चित्रकूट येथे ग्रामविकासाचा हाच मार्ग दाखवला. १९९३ च्या भूकंपानंतर हाच परिसर ढिगाऱ्यातून पुन्हा उभा राहिला, तो समाज एकवटल्यामुळे. गेलेली जागा निवेदनांनी परत येत नाही. गावात माणूस टिकला, तरच गावाचा आवाज सभागृहात टिकेल.