स्वस्त रडार आणि स्वावलंबनाचा हिशेब
(मुर्री, जि. गोंदिया येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

मुर्रीत येऊन सैन्याच्या फिरत्या रडारविषयी बोलणार असे मी कळविले, तेव्हा आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले. धानाचा भाव, विडी कामगारांची मजुरी, रोजगारासाठी बाहेर जाणारे तरुण, हे प्रश्न समोर असताना हा विषय कशाला? शंका रास्त आहे. परंतु संरक्षणावरील खर्च धान पिकविणाऱ्याच्या आणि विडी वळणाऱ्याच्या करातूनही होतो. ज्या खर्चाविषयी बोलायला सामान्य माणूस संकोचतो, त्या खर्चाचा हिशेब विचारणारा कोणी उरत नाही. शिवाय युद्ध कितीही दूरचे असले तरी त्याची पावले आपल्या शिवारापर्यंत येतात. जवळची बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी बांधली ती दुसऱ्या महायुद्धासाठीच.

प्रथम विषय समजून घेऊ. रडार रेडिओलहरी सोडते आणि एखाद्या वस्तूवर आदळून परत येणारा त्यांचा प्रतिध्वनी टिपते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी मात्र गोल आहे. म्हणून जमिनीपासून नऊ-दहा मीटर उंच अँटेना असलेल्या रडारला शंभर मीटर उंचीवरून येणारे विमान पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या आत आल्याखेरीज दिसत नाही. ताशी नऊशे किलोमीटर वेगाचे विमान हे अंतर साडेतीन मिनिटांत कापते. शक्ती वाढवून हे क्षितिज ओलांडता येत नाही. उंच उडणाऱ्या विमानापुरता विचार केला तरी रडारचा पल्ला दुप्पट करायचा म्हणजे इतर गोष्टी त्याच ठेवून शक्ती सोळापट करावी लागते. त्यात आणखी एक अडचण अशी की, रडार लहरी सोडते म्हणून शत्रूलाही त्याचा पत्ता लागतो. एका जागी रुतून बसलेले रडार पहिल्याच दिवशी नष्ट होऊ शकते.

यातून निष्कर्ष एकच निघतो. एक महाकाय रडार पुरत नाही. पुष्कळ लहान, वाहनावर बसणारी, तासाभरात जागा बदलणारी रडारे हवीत. पुष्कळ हवीत म्हणजे ती परवडणारीच हवीत. येथे स्वस्तपणा हा काटकसरीचा गुण राहत नाही, तो संरक्षणाची अटच बनतो. आपल्या पूर्व विदर्भाला हे तत्त्व नवे नाही. कोहळी समाजाने येथे मालगुजारी तलाव बांधले, ते एक प्रचंड धरण म्हणून नव्हे, तर उतार पाहून जागोजागी बांधलेल्या लहान तलावांची साखळी म्हणून. एक तलाव फुटला तरी सारे शिवार कोरडे पडत नसे. रडारांची साखळीही तशीच असावी लागते.

परंतु स्वस्त म्हणजे काय, याविषयी मोठा घोटाळा आहे. स्वस्त म्हणजे कमअस्सल, असे खरेदी करणाऱ्यांना वाटते. स्वस्त म्हणजे कमी मजुरी, असे काही उत्पादकांना वाटते. इतिहास दोन्ही समजुती खोट्या ठरवितो. 1930 च्या दशकात ब्रिटनने किनाऱ्यावर रडारांची साखळी उभारली, तेव्हा रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी सर्वोत्तम तंत्राची वाट पाहिली नाही. रेडिओ प्रक्षेपणात रुळलेले, हाताशी असलेले तंत्र त्यांनी वापरले. कारण सर्वांगसुंदर यंत्र युद्ध संपल्यावर येते, हे त्यांना कळत होते. पुढे युद्ध पॅसिफिकमध्ये पसरले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी विमानातून नेता येईल असे हलके रडार तयार केले आणि त्याच्या अँटेनाच्या कामात न्यू साउथ वेल्सच्या रेल्वेचे अभियंते होते. गोंदियासारख्या रेल्वे जंक्शनच्या परिसरात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. 1999 च्या मार्चमध्ये सर्बियाच्या एका तुकडीने रडारला न दिसणारे म्हणून गाजलेले अमेरिकेचे एफ-117 विमान पाडले. त्या विमानाची चाहूल लागली ती ट्रकवर बसणाऱ्या, लांब लहरींच्या, जुन्या सोव्हिएत रडारमुळे. आणि ती तुकडी टिकली ती सतत जागा बदलत राहिल्यामुळे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सार्वजनिक उद्योग 1954 साली बंगळूरला स्थापन झाला. 1962 च्या पराभवानंतर, 1963 साली, डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. या क्षेत्रात परदेशी यंत्रांची केवळ जुळवणी करीत राहिलो तर आपण कायमचे गिऱ्हाईक राहू, याची जाणीव त्या काळापासूनची आहे. बंगळूरच्या रडार विकास संस्थेने 1980 च्या दशकात ‘इंद्र’ हे रडार सिद्ध केले. कमी उंचीवरून येणारी विमाने टिपणारे आणि दोन वाहनांवर बसणारे हे रडार भारत इलेक्ट्रॉनिक्सने अनेक संख्येने बनविले. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मलहरींच्या कामातून 1984 साली मुंबईत ‘समीर’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या तळोजा येथील कारखान्यात वाहनांवर बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या केबिनी आणि मनोरे तयार होतात. फिरत्या रडारला मेंदू लागतो तसे अंगही लागते, आणि ते अंग घडविणारे हात कामगाराचे असतात.

मात्र आत्मस्तुतीत रमू नये. 1999 साली कारगिलमध्ये पाकिस्तानच्या हाती अमेरिकन बनावटीची, तोफगोळ्याच्या मार्गावरून तोफेचा ठाव सांगणारी रडारे होती. लांब पल्ल्याच्या तोफा शोधणारी तशी रडारे आपल्यापाशी नव्हती. आदल्याच वर्षीच्या अणुस्फोटांनंतर अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले होते. ती रडारे विकत मिळाली 2002 साली. त्या काळात संरक्षणखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते, म्हणजे समाजवादी चळवळीतून आलेल्या नेत्याकडे. तेव्हा हा दोष इतरांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. पुढे ‘आकाश’ क्षेपणास्त्रासाठी केलेल्या ‘राजेंद्र’ रडारच्या अनुभवातून ‘स्वाती’ हे आपले तोफशोधक रडार घडले. ते सैन्याच्या स्वाधीन झाले 2017 साली, कारगिलनंतर अठरा वर्षांनी. 2020 साली अशी चार रडारे आर्मेनियाला सुमारे चार कोटी डॉलरना विकण्याचा करार झाला. बंगळूरच्या प्रयोगशाळेत साचलेले ज्ञान वाया गेले नाही. पण अठरा वर्षांची किंमत सीमेवरच्या जवानाने मोजली. सार्वजनिक क्षेत्राची बाजू घेणाऱ्यांनी त्याच्या दिरंगाईविषयी मौन पाळणे हा त्या क्षेत्राचा घात आहे.

मग रडार परवडणारे होते कशाने? मला चार कारणे दिसतात.

पहिले, आराखड्यातील बुद्धी. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांनी रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या उभारल्या. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. भरीव पत्र्याऐवजी दोऱ्यांवर ताणलेली तारांची जाळी वापरल्याने वाऱ्याचा जोर कमी झाला, म्हणून सांगाडा हलका झाला, म्हणून खर्च उतरला. ही दुर्बीण आहे, रडार नव्हे. परंतु अँटेना स्वस्त करण्याचा याहून उत्तम धडा महाराष्ट्रात दुसरा नाही. काटछाट वजनात झाली, गुणात झाली नाही.

दुसरे, मागणीचे सातत्य. दहा यंत्रे मागवायची आणि मग पाच वर्षे कारखान्याला रिकामा ठेवायचा, असे केले तर साचे, चाचणीची साधने आणि कुशल कामगार या सर्वांचा भार त्या दहा यंत्रांवर पडतो. पुढची मागणी येईपर्यंत जाणते हात पांगलेले असतात.

तिसरे, सुट्या भागांची मालकी. आधुनिक रडारच्या अँटेनात शेकडो लहान प्रक्षेपक असतात व त्यांचा जीव विशिष्ट चिपांमध्ये असतो. गॅलियम आर्सेनाइडच्या चिपा बनविणारा सरकारी कारखाना हैदराबादला आहे. अशा कारखान्यांची उपेक्षा करून बाहेरच्या चिपांवर ‘स्वदेशी’चे लेबल लावणे ही फसवणूक होय. खरेदीच्या दिवशीची किंमत कमी दिसते. तीस वर्षांच्या दुरुस्तीची किंमत दुसऱ्याच्या हाती राहते.

चौथे, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, कामगाराचे कौशल्य व त्याची सुरक्षितता. संरक्षण कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद एस. एम. जोशींनी भूषविले, ते या प्रश्नाचे मोल जाणूनच. 2021 च्या 1 ऑक्टोबरला देशातील 41 आयुध कारखाने मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. 2025 च्या 24 जानेवारीला शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात स्फोट होऊन किमान आठ जण मृत्युमुखी पडले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध मी पुराव्याशिवाय जोडणार नाही. परंतु कामगाराच्या जिवावर वाचविलेला पैसा हा स्वस्तपणा नव्हे, हे सांगायला पुरावा लागत नाही.

शस्त्रांवरील खर्चाला विरोध करणाऱ्यांनी हा विषय का काढावा, असाही प्रश्न येईल. रडार निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. ‘स्वाती’ने दाखविलेल्या जागी गोळा पडतोच. परंतु शांततेचा आग्रह धरणाऱ्या देशालाही डोळे हवेत. आंधळा देश घाबरतो आणि घाबरलेला देश गरजेपेक्षा अधिक शस्त्रे विकत घेतो. मे 2025 मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनच्या झुंडी आल्या. अल्पमोलाचे ड्रोन महागड्या साधनांनीच शोधायचे आणि पाडायचे, तर लढाई शत्रूच्या आधी आपल्या तिजोरीला थकवील.

शिवाय हे ज्ञान छावणीत कोंडून राहत नाही. रडारच्या पोटी जन्मलेल्या सूक्ष्मलहरींच्या विद्येतूनच ‘समीर’ने कर्करोगाच्या किरणोपचाराचे यंत्र तयार केले आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले. हवामानाचे रडार नागपूरला आहे. पण मुर्री तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. पृथ्वीच्या त्याच गोलाईमुळे त्याचा सर्वांत खालचा किरण आपल्या डोक्यावर येईतो जवळजवळ दोन किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. कमी उंचीवरचे विमान हुकते त्याच कारणाने रोवणीच्या हंगामात आपल्या बांध्यांवर उतरणाऱ्या वादळाचा खालचा भागही हुकतो. लहान, परवडणारी रडारे सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनू लागली, तर त्याच कारखान्यांतून जिल्ह्याजिल्ह्यांसाठी वादळाची आगाऊ सूचना देणारी रडारे का बनू नयेत?

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक रडार खरेदीत त्याची आयुष्यभराची किंमत, दुरुस्ती व सुट्या भागांसह, संसदेपुढे यावी. सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनाची मालकी सार्वजनिक राहावी. खाजगी कारखान्याने भाग जरूर बनवावेत, पण आराखडा गिळू नये. मागणी तुकड्यातुकड्यांनी न देता दीर्घ मुदतीची द्यावी. आणि सैन्याच्या रडारमधून मिळालेले तंत्र हवामान व आरोग्य यांसाठी खुले करण्याचे बंधन घालावे.

मित्रहो, तलाव बांधणाऱ्यांनी पाणी कोणत्या बांधीपर्यंत पोचेल याचा विचार पाळ घालतानाच केला होता. रडारविषयी हाच विचार आज करायचा आहे. पुढच्या बैठकीत आपल्या खासदारांना विचारायचे प्रश्न येथेच लिहून काढू आणि त्यांतला पहिला प्रश्न मुर्रीचा असू द्या: नागपूरच्या रडारला न दिसणारे आमचे आभाळ कोण पाहणार, आणि केव्हापासून?