म्हातारपणाचं घर: आधी एक पावसाळा राहून बघा

आम्ही राजारामपुरीतून बोलतोय. आम्ही म्हणजे दुपारची भांडी आवरली की एका गल्लीतल्या कट्ट्यावर जमणाऱ्या सहाजणी. राजारामपुरी म्हटलं की तुम्हाला दोन गोष्टी आठवत असतील, दवाखाने आणि कपड्यांची दुकानं. आमच्यातली एकच इथं जन्मली. बाकीच्या राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लजकडच्या. कुणी लग्न होऊन आली, कुणी मुलांच्या शाळेसाठी, कुणी नवऱ्याच्या आजारपणात येऊन इथंच राहिली.

तुमच्या गटातल्या बायका दवाखान्याला येतात, नंबर लागेपर्यंत आमच्याजवळ टेकतात आणि हमखास विचारतात, "काकी, इथं दोन खोल्या केवढ्याला पडतील?" विचारणारीचं वय बहुधा पंचावन्न ते पासष्ट. नवरा निवृत्त झालेला, नाहीतर गेलेला. हातात एकदाच येणारी रक्कम. ती कुठं घालायची, हा खरा प्रश्न. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आमच्यातल्या एका काकींचंच सांगतो. त्यांचे यजमान साखर कारखान्यात होते. ते गेल्यावर फंड, ग्रॅच्युइटी मिळून चौदा लाख आले. महिन्याची विधवा पेन्शन बाराशे. गावात चार खणांचं घर आणि थोडी शेती. पुण्याला असलेला मुलगा म्हणाला, "आई, गावचं घर विकू, हे पैसे त्यात घालू आणि कोल्हापुरात टू बीएचके घेऊ. कर्ज मला मिळेल, म्हणून फ्लॅट माझ्या नावावर." मुलगा वाईट नाही हो. त्याचा हिशोब त्याच्या वयाचा होता, एवढंच. काकींचं म्हणणं होतं, राजारामपुरीतच राहायचं. आजारपणात आठ वर्षं इथल्या चकरा मारलेल्या, डॉक्टर ओळखीचे, औषधवाला उधार देणारा.

पण राजारामपुरीत चौदा लाखात घर बसत नाही. मग एजंट गाडीवर बसवून गावाबाहेर नेतात. मोरेवाडी, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी, फुलेवाडी. चैत्रातल्या संध्याकाळी तिथं छान वारं सुटलेलं असतं, आणि तिथंच इसाराची गोष्ट निघते.

आम्ही काकींना एवढंच म्हटलं, घाई करू नका. आधी एक पावसाळा भाड्यानं राहा. जिथं घर घ्यायचं मनात आहे तिथंच राहा, आणि जून ते सप्टेंबर काय काय होतं ते बघा.

कोल्हापुरात पावसाळ्याशिवाय घर कळत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्यात होती. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावं तर तुम्ही स्वतःच भोगली आहेत. राजारामपुरी उंचावर, म्हणून आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं नाही. पण नळालाही पाणी आलं नाही! उपसा केंद्रंच बुडालेली, त्यामुळं कोरड्या घरातल्या बायकाही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. शिरोलीजवळ महामार्ग बंद, दूध-भाजीचे हाल. साठीनंतर घागर कोण उचलणार, हाही घर निवडतानाचा प्रश्न आहे. टाकी किती मोठी आहे, बोअर आहे का, पाणी किती दिवसांआड येतं, हे मालकाला नका विचारू. शेजारणीला विचारा.

पूररेषा दोन असतात. पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई असते. दोन रेषांच्या मधे अटी घालून परवानगी मिळते. नकाशा बघून घ्यावाच. पण त्या आळीतल्या म्हातारीला विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" ती भिंतीवर बोट ठेवून दाखवते. आणि २००५ लाही, असं सांगते.

काकींनी आमच्याच गल्लीत मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाडं पाच हजार. गावचं घर विकलं नाही. दहा लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. साठ वर्षं पुरी झालेल्या कुणालाही तीस लाखांपर्यंत त्यात ठेवता येतात. काकींनी ठेवले तेव्हा दर ८.२ टक्के होता. दर बदलतो, पण ठेवताना जो असेल तो आपल्याला पाच वर्षं मिळतो. हिशोब करा: दहा लाखांवर वर्षाला ८२,००० रुपये, म्हणजे दर तीन महिन्यांनी २०,५००. महिन्याला पावणेसात हजारांच्या वर. त्यातून भाडं गेलं की अठराशे उरतात, वर पेन्शन, आणि गावाकडनं तांदूळ, शेंगा. ऐसपैस नाही, पण मुद्दलाला हात लागला नाही. तेच दहा लाख भिंतीत घातले असते तर डोळ्याच्या ऑपरेशनला भिंत फोडून थोडीच पैसे निघतात?

उरलेल्यातले अडीच लाख गावच्या घराला लावले. संडास-न्हाणीघर आत घेतलं, उंबऱ्याची पायरी काढून उतार केला, भिंतीला धरायला दांडी बसवली. बाकी हाताशी बँकेत. पेरणीला आणि दिवाळीला त्या गावी जातात. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी झाली की फुकट. त्यामुळं गाव की शहर, असं एकच निवडायला पाहिजे असं नाही. दोन्हीकडं पाय ठेवता येतो.

आता भाड्याच्या घराची दुसरी बाजूही ऐका. करार अकरा महिन्यांचा. तो लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. तरी मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की खोल्या रिकाम्या कराव्या लागतात. सत्तराव्या वर्षी पुन्हा पेट्या बांधायच्या, ही धास्ती खरी आहे. म्हणून आमच्यातल्या दुसरीनं वेगळं केलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या, महिन्याची पेन्शन चांगली. त्यांनी मोरेवाडीकडं तळमजल्यावर एक बेडरूमचं जुनं घर घेतलं. वर्षभर भाड्यानं राहिल्या आणि त्याच इमारतीत घेतलं. नव्या इमारतीत लिफ्ट होती, बाई मात्र तळमजल्यावर अडून बसल्या. लिफ्ट बंद पडते आणि दुरुस्तीची वर्गणी गोळा होईपर्यंत महिना जातो, हे त्यांनी त्या वर्षात पाहिलं होतं.

पेन्शन बारा महिने येणार असेल तर साठवलेल्या पैशातून घर घ्यायला आमची हरकत नाही. पेन्शन नसेल, तर सगळी रक्कम घरात घालायला आमची सक्त हरकत आहे.

आणि घ्यायचं झालंच तर नाव कुणाचं? इथं जरा थांबून ऐका. पैसे तुमचे असतील तर खरेदीखतात नाव तुमचं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. आधी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. मुलाचं नाव जोडलं की ही सवलत जाते, हेही मुलाला सांगा, म्हणजे बोलणं सोपं होतं.

गावचं घर विकायला निघाला असाल तर आधी वारस नोंद बघा. नवरा गेल्यावर बायको, मुलगे आणि मुली सगळे वारस. लेकींना "नुसती सही कर" म्हणून हक्कसोड पत्र पुढं केलं जातं. तुम्ही आई असा नाहीतर लेक, कागद घरी नेऊन वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा घरफाळ्यासाठी असतो, त्यावर नाव आलं म्हणजे मालकी आली असं नव्हे. शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड बघायचं, आणि वकिलाकडनं मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यायचा. वकिलाची फी जास्त वाटते, पण नोटरी केलेल्या बॉण्डवर घेतलेल्या गुंठ्याची गोष्ट तुमच्या प्रत्येकीच्या भावकीत एक तरी असेल. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर ती नोंदणी सक्तीची आहे.

घर आधीच तुमच्या नावावर आहे आणि मुलं बक्षीसपत्र मागतात, असं असेल तर द्यायची घाई नको. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करीन" ही अट त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडं करायचा. तोंडी शब्दावर तिथं फार झगडावं लागतं.

राहता राहिला आवाज. गणेश चतुर्थीला राजारामपुरीतली आगमनाची मिरवणूक बघायला लांबून माणसं येतात. आम्हालाही आवडते, पण रात्री खिडकीच्या काचा थरथरतात. हृदयविकार असणाऱ्यानं मेन रोडवरचं घर घेऊ नये, आतल्या गल्लीतलं बघावं. दुकानांवरचे फ्लॅट स्वस्त का मिळतात, ते त्या रात्री कळतं.

काकींचा करार येत्या मे महिन्यात संपतोय. मालकांना त्यांनी दोन वर्षांचा करार मागितलाय, ते बघू म्हणालेत. तोवर शिक्षिकाबाईंच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका मागच्या खोलीवर काकींची नजर आहे. मुलगा पुढच्या रविवारी बघायला येणार आहे. खोलीची किंमत दहाच्या वर गेली तर घ्यायची नाही, हे काकींनी त्याला आधीच फोनवर सांगून ठेवलंय, आणि नाव कुणाचं लागणार तेही.