साप-विंचू चावला तर पहिल्या तासात काय करायचं

(पोफळीच्या शिबिरात आरोग्याचं काम करणाऱ्या साथीने केलेलं भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)



इथं कुंभार्लीच्या पायथ्याला डोंगराच्या पोटात वीज तयार होते. १९६२ पासून होते. पण आपल्या वाडीच्या पायवाटेवर अजून अंधारच आहे. आपण लाकूडफाट्याला जातो, भात कापतो, कोळशाच्या भट्टीवर उघड्यावर निजतो. म्हणून साप आपल्यालाच जास्त चावतो. नशिबाचा यात संबंध नाही.

आपल्याकडे माणूस मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं फार. वीतभर-हातभर लांब, दगडाखाली बसतं, अंग घासून करकर आवाज करतं. लहान म्हणून हसू नका. फुरसं आणि घोणस चावली की सूज चढते, रक्त गोठत नाही, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. फुरशाचं विष सावकाशही चढतं, म्हणून "सकाळी बरा होता" यावर भुलू नका. नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास थांबतो. मण्यार रात्री निजलेल्याला चावते. दात दिसत नाहीत, सूज नसते, नुसतं पोट दुखतं.

आता करायचं काय? माणसाला आडवं करा, धीर द्या. चालवू नका, चाललं की विष लवकर पसरतं. कडं, जोडवी, बांगड्या, अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हात-पाय मोडल्यावर बांधतो तशा कामट्या लावून सैल बांधा. किती वाजता चावला ते ध्यानात ठेवा. झोळी करा आणि रस्त्यावर आणा. उलटी होत असेल तर कुशीवर ठेवा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत न्या, सोडून देऊ नका.

करायचं नाही ते असं. दोरी करकचून बांधायची नाही. फुरशाच्या विषाने मांस सडतं, त्यात दोरीने रक्त अडलं तर पाय जातो. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, कोंबडी लावायची नाही, दारू पाजायची नाही. सापामागे धावायचं नाही, दुसरा माणूस चावून घेईल.

भगताचं काय, असं मघाशी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप सुद्धा दर वेळी विष सोडत नाही. तेव्हा माणूस मंत्राशिवायही वाचतोच. खरं विष चढलं असेल तर उतारा एकच, सापाची लस. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. मुंबईची हाफकिन संस्था ती बनवते. चारही सापांना एकच लस चालते. भगताला विश्वासात घ्या, गाडीत सोबत बसवा. मंत्र वाटेत होऊ दे, गाडी थांबवू नका.

विंचवाचं वेगळं. लाल विंचू चावला आणि घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर ते हृदयावर गेलं. खोकल्यातून गुलाबी फेस आला तर अगदी घाई करा. लहान पोरांना जास्त धोका. आपल्याच कोकणात, महाडकडे बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे पेशंट रात्र-रात्र बसून पाहिले. रक्तदाबावरची प्रॅझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते हे त्यांनी दाखवलं. १९८६ साली विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. गोळी डॉक्टरच्या हातूनच घ्यायची, घरी नाही.

आता शेवटचं. इथून चिपळूण वीसेक किलोमीटर. एवढ्या वाटेत माणूस जाऊ नये म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आणि ही गोळी बारा महिने पाहिजे. ही भीक नाही, हक्क आहे. जमिनीच्या दाव्यात आपण तारीखवार कागद ठेवायला शिकलो, तसंच इथं करा. कोण, कधी चावला, दवाखान्यात किती वाजता पोचला, लस मिळाली का, हे वहीत लिहा. "लस नाही" म्हणाले तर तसं लिहून मागा. ती वही घेऊन आपण पावसाआधी जाऊ.

आणि आज घरी जाण्याआधी प्रत्येक वाडीने ठरवा: झोळी उचलायला चौघं कोण, रात्री गाडी कुणाची, बॅटरी कुणाकडे. चावल्यावर ठरवायला वेळ नसतो.

जिंदाबाद!