गळ्यातली गाठ लपवू नका

आज एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच. गटाच्या बैठकीत हप्ता भरताना त्यांचा पदर सरकला आणि गळ्यावरची गाठ दिसली. आठ महिने झाले होते. म्हणाल्या, "दुखत नाही, मग कशाला सांगायचं?"

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागातली ग्रंथी. तिच्यात गाठी बायकांना जास्त होतात आणि बहुतेक साध्याच असतात. पण कर्करोगाची गाठही बहुधा दुखत नाही. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गाठीची तपासणी सोडायची नाही.

आधी डॉक्टर हाताने तपासतात, मग रक्त आणि गळ्याची सोनोग्राफी. संशय आला तर बारीक सुईने पेशी काढतात. सुईने गाठ पसरते म्हणून बायका घाबरतात. तसं होणं अगदीच दुर्मीळ आहे. मात्र फॉलिक्युलर नावाच्या प्रकारात सुईवरून पक्कं कळत नाही. गाठ आपल्या आवरणाबाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरली का, हे ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. म्हणून "अर्धी ग्रंथी काढू, मग सांगू" असं डॉक्टर म्हणाले, तर ते फसवत नाहीत.

हा कर्करोग वेळेवर सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. पण ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असं समजू नका. पॅपिलरी प्रकार मानेतल्या लसिकाग्रंथींत जातो, फॉलिक्युलर रक्तावाटे फुप्फुसात आणि हाडांत. कधी कधी दहा-वीस वर्षांनीही तो परत दिसतो. म्हणून गोळी रोज उपाशीपोटी घ्यायची, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त आणि सोनोग्राफी करायची, आणि सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवायचे. मानेत नवी गाठ आली, आवाज बसला, हाड सतत दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

खर्चाची काळजी असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला विचारा.

आमच्या ताईंच्या सुईच्या रिपोर्टात संशय आला. ऑपरेशनची तारीख मिळाली, तर म्हणाल्या, "कापूस वेचून झाल्यावर बघू." गटाने त्यांचा हप्ता पुढे ढकलला, चौघीजणी वेचणीला गेल्या आणि ताई दवाखान्यात गेल्या. आता पुढच्या प्रत्येक तपासणीची तारीख आम्ही गटाच्या वहीत लिहिली आहे.

आज घरी आरशासमोर उभ्या राहा, पाण्याचा घोट घ्या आणि गळ्याकडे बघा. काही वेगळं दिसलं, तर उद्याच आशाताईंना सांगा.