थरथरणारी गाडी आणि नववीचे गणित

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय देण्यात आला तो 'विजेची मोटार आणि आपले गॅरेज' असा. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. आपल्यातील कितीतरी घरांची चूल गॅरेज, टायरचे दुकान, लेथ आणि डेंटिंग-पेंटिंग यांच्यावर पेटते. त्या घरांतले वडील मला विचारतात, "साहेब, इंजिनच गेले तर पोराला हा हुनर शिकवून काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. ऑईल बदलणे, प्लग साफ करणे, क्लच प्लेट घालणे ही कामे विजेच्या गाडीत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चाक आहे, हब आहे, ब्रेक आहे, स्टिअरिंग आहे, आणि बॅटरीमुळे गाडी जड झाल्याने या सगळ्यांवर पूर्वीपेक्षा जास्त भार आहे. तेव्हा मी तुमच्यासमोर एकाच दुखण्याची चिकित्सा मांडतो. दुखणे असे की, गाडी ८० पर्यंत शांत चालते, ९५ ते ११० च्या दरम्यान थरथरू लागते, आणि काही केल्या थरथर जात नाही.

आमच्या ओळखीच्या एका मास्तरसाहेबांच्या विजेच्या गाडीला हेच झाले होते. घाट संपून द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यावर गाडी १०० ला आली की मागच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या वालिदांना पाठीत हादरे जाणवत. तीन ठिकाणी गाडी दाखवली. चार वेळा बॅलन्सिंग झाले, दोनदा अलाइनमेंट झाली, पुढचे दोन टायर नवे घातले गेले. हजारो रुपये गेले, थरथर राहिली. शेवटी एका ठिकाणी उत्तर मिळाले, "विजेच्या गाड्या अशाच असतात, सवय होईल."

सवय कशाला व्हावी? विजेच्या गाडीत इंजिनाची धडधड नसते, म्हणून चाकाची थोडीशी खोडही अंगाला कळते. पेट्रोलच्या गाडीत ती धडधडीखाली झाकली जाते. एवढाच त्या बोलण्यात खरेपणा. थरथरीला कारण असते, आणि ते कारण स्वतःचा पत्ता सांगत असते. तो पत्ता म्हणजे तिची वारंवारता, सेकंदाला किती हिसके ती संख्या.

आता नववीच्या मुलांनी वही काढावी. मध्यम आकाराच्या गाडीचे चाक एका फेरीत सुमारे २.०५ मीटर पुढे जाते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.७८ मीटर. भागाकार करा. चाक सेकंदाला साडेतेरा वेळा फिरते. ८० च्या वेगाला हाच आकडा पावणेअकराच्या जवळ येतो. मोटार मात्र चाकाच्या साधारण नऊपट वेगाने फिरते, कारण मध्ये दातांच्या चाकांची एकच पक्की जोडणी असते. म्हणजे १०० च्या वेगाला मोटार सेकंदाला सुमारे १२२ फेरे घेते. तिच्यात दोष असेल तर कानाला बारीक गुणगुण ऐकू येईल, कंबरेला हादरे बसणार नाहीत. हादरे सेकंदाला साडेतेरा असतील तर दोष चाकाच्या फेरीशी बांधलेला आहे: टायर, रिम, हब किंवा ब्रेकची तबकडी. दुप्पट म्हणजे सत्तावीस असतील तर टायर लंबगोल झाल्याचा संशय घ्यावा. तिप्पट म्हणजे चाळीसच्या आसपास असतील, आणि तेही अॅक्सिलरेटर दाबतानाच, तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या आतल्या सांध्याकडे पाहावे, कारण त्या सांध्यात बहुधा तीन रोलर असतात.

सेकंदाला साडेतेरा हिसके मोजायचे कसे? पूर्वी यासाठी महागडे यंत्र लागे. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलमध्ये हालचाल ओळखणारा एक सूक्ष्म घटक असतो. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये 'फायफॉक्स' नावाचे मोफत अॅप काढले, ते त्या घटकाची आकडेवारी आलेखावर मांडते आणि कोणत्या वारंवारतेला उंचवटा आहे ते दाखवते. मोबाईल सीटच्या लोखंडी पायाजवळ चिकटपट्टीने घट्ट बसवावा, तो पाहण्याचे काम चालकाने नव्हे तर शेजारच्याने करावे, आणि गाडीचा वेग उपग्रहावरून घ्यावा. गाडीचा काटा थोडा चढा वेग दाखवतो. (घरात मोबाईल हातात दिसला की रागावणाऱ्या अब्बाजानना ही एक सवलत द्यावी लागेल.)

मास्तरसाहेबांच्या गाडीत ८० ला पावणेअकराजवळ बारीक उंचवटा दिसला आणि १०० ला साडेतेराजवळ मोठा. संख्या वेगाबरोबर सरकते आणि चाकाच्या फेरीशी जुळते, तेव्हा निम्मी गाडी संशयातून सुटली. ९५ ते ११० मध्येच थरथर का वाढते, तर चाक आणि त्याच्या स्प्रिंगची स्वतःची एक आवडती वारंवारता असते, ती याच टापूत येते. झोपाळ्याला योग्य वेळी ढकलले की तो वाढत जातो, तसे. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात.

यानंतरची परीक्षा विजेच्या गाडीत जरा वेगळी आहे. पेट्रोलची गाडी चालता चालता न्यूट्रल केली की इंजिन चाकापासून सुटते, आणि थरथर कायम राहिली तर इंजिन निर्दोष ठरते. विजेच्या गाडीत न्यूट्रलमध्येही मोटार चाकाबरोबर फिरतच राहते. फक्त तिचा जोर काढला जातो. म्हणून तीन अवस्था पाहाव्यात: जोर लावताना, जोर नसताना, आणि पाय उचलल्यावर मोटार उलट वीज बनवून गाडी रोखते तेव्हा. तिन्हींत थरथर सारखीच असेल तर शाफ्ट आणि सांधे सुटले. ब्रेक दाबतानाच थरथर असेल तर तबकडी पाहावी. विजेच्या गाडीत ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे तबकड्या गंजतात, हे लक्षात असू द्यावे. मास्तरसाहेबांच्या गाडीत तिन्ही अवस्थांत फरक नव्हता. अलाइनमेंटबद्दल एवढेच सांगतो की, ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडावाकडा झिजतो. थरथरीवर ती औषध नाही. तिचा बिलाला मात्र चांगला हातभार लागतो.

हादरे स्टिअरिंगला नव्हते, बाकाला होते. याचा अर्थ दोष बहुधा मागच्या चाकांत. पुढे घातलेले नवे टायर व्यर्थ गेले ते याचमुळे. मग एकच बदल केला: डावे मागचे चाक पुढे आणि डावे पुढचे मागे. उजव्या बाजूला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही, हे प्रयोगवहीत शास्त्राच्या बाई शिकवतात तेच. गाडी पुन्हा रस्त्यावर नेली आणि हादरे स्टिअरिंगवर आले! चाकाबरोबर दोष हलला. म्हणजे हब निर्दोष, चाक गुन्हेगार.

पण त्या चाकाचे बॅलन्सिंग यंत्रावर शून्य येत होते. इथे अनेक कारागीर थांबतात, म्हणून मी थोडा रेंगाळतो. असमतोल म्हणजे चाकाची एक बाजू जड. परिघाजवळ, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर, २० ग्रॅम जास्त असले तर १०० च्या वेगाला ते सुमारे ३ किलोच्या जोराने चाकाला ओढते, आणि ५० ला फक्त पाऊण किलोच्या. वेग निम्मा, ओढ चौथाई. चाक तोलण्याची विद्या जुनी आहे. इस्माईल अल-जझरी यांनी १२०६ मध्ये आमिद, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर, येथील दरबारात यांत्रिक रचनांवर ग्रंथ पूर्ण केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७४ साली करणारे डोनाल्ड हिल यांनी या ग्रंथातील कारागिरीच्या रीतींमध्ये चाके समतोल करण्याची रीतही नोंदवली आहे. आठशे वर्षांपूर्वीचा उस्ताद चाक तोलून घेत होता.

परंतु तोललेले असणे वेगळे आणि गोल असणे वेगळे. चाकाचा गोल मध्यापासून किंचित बाजूला सरकला असेल तर वजने लावून यंत्र शून्य दाखवील, कारण यंत्रावर चाक हवेत फिरते. रस्त्यावर मात्र त्याच्यावर गाडीचा भार असतो आणि प्रत्येक फेरीत ते गाडी उचलते व सोडते. याचा तपास डायल गेजने होतो. चाक सावकाश हाताने फिरवायचे आणि काटा पाहायचा. रिमवर काटा जेमतेम हलला, रिम सरळ. टायरच्या पृष्ठभागावर तो २ मिलिमीटरच्या वर गेला. एक-दीड मिलिमीटरपर्यंत चालते.

मग टायरच्या कडेजवळची बारीक रेषा पाहिली. रिमपासून ती सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी ती रिमखाली दबलेली होती. टायर चढवताना कड कोरडीच बसवली गेली होती, त्यामुळे ती तेवढ्या भागात आपल्या जागी पोचलीच नव्हती. आणि बॅलन्सिंग चारही वेळा तसेच, टायर न उतरवता झाले होते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी काही गोष्टी, झटपट. दुसरे अलॉय रिम घातले असेल तर मधले भोक हबवर बरोबर बसते का पाहा. हबच्या तोंडावरचा गंज घासून काढा. नट आडव्या-तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा. काही विजेच्या गाड्यांच्या टायरमध्ये आवाज शोषणारा स्पंज चिकटवलेला असतो; तो सुटला तर तोल बिघडतो. पंक्चरचे औषध आत साठले तरी तेच. गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर आधी पंधरा-वीस किलोमीटर चालवून मग तपासा. गाडी उचलताना जॅक ठरवून दिलेल्या जागीच लावा, बॅटरीखाली कधीही नाही. नारिंगी रंगाच्या केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नका. त्यांतला दाब जीव घेऊ शकतो.

ज्या पालकांनी मघाचा प्रश्न विचारला त्यांच्यासाठी: आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यासाठी दहावीला गणित व विज्ञान लागते. गणित सोडून पोराला गॅरेजवर पाठवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती मला मान्य नाही. वरच्या सगळ्या तपासात पाना हाती धरण्यापूर्वी भागाकार करावा लागला. मुलींनाही हे काम जमते. डायल गेज वाचायला मनगटाची ताकद लागत नाही.

मास्तरसाहेबांच्या चाकाची हवा काढली, कडेला साबणाचे पाणी लावले, पुन्हा हवा भरली. कड 'टक्' असा आवाज करून जागेवर बसली. काटा आता अर्ध्या मिलिमीटरवर आला. मग नव्याने बॅलन्सिंग केले, कारण कड सरकल्यावर जुनी वजने खोटी ठरतात. द्रुतगती मार्गावर १०० ला साडेतेराचा उंचवटा जवळजवळ सपाट दिसला. सत्ताविसाजवळ एक बारीक टेकाड राहिले आहे. ते कोणाला जाणवत नाही आणि त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. वालिदसाहेब परतीच्या वाटेवर मागच्या बाकावर झोपले होते.

डायल गेज आणि ते चाक मी मागच्या टेबलावर ठेवले आहे. ज्यांना फिरवून पाहायचे आहे त्यांनी चहाच्या सुट्टीत यावे.