दारावरचा आकडा कोणासाठी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाटक, इतिहास, शेती असे भारदस्त विषय मांडले जातात. तेथे आम्ही 'घराचा नंबर' हा विषय घेऊन उभे राहिलेले पाहून आपणापैकी काहींना हसू आले असेल. विषय लहान आहे खरा. वीतभर पत्र्यावर मावणारा आहे. परंतु माणसाचा जीव कधी कधी अशाच वीतभर पत्र्यापाशी अडतो, असा आमचा अनुभव आहे, आणि तो सांगूनच सुरुवात करणे बरे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. एका रात्री ते पाणी पिण्यासाठी उठले आणि तेथेच कोसळले. तोंड वाकडे, वाचा बंद, उजवे अंग लुळे. घरात एकट्या काकू. त्यांच्या हाकेने आम्ही धावलो आणि १०८ क्रमांक फिरविला. पलीकडून एका मुलीने शांतपणे विचारले, "पत्ता सांगा." आम्ही सांगितले, "जुन्या बँकेसमोरची गल्ली, चिंचेच्या पुढे, उजव्या हाताला." तिने विचारले, "घर क्रमांक?" आम्ही चिडलो आणि म्हणालो, "अहो ताई, कोणालाही विचारा, अण्णांचे घर कोणीही दाखवील!"

रात्री अडीच वाजता कोणाला विचारणार? रस्त्यावर कुत्र्यांवाचून कोणी नव्हते. बँक नव्या जागेत जाऊन चार वर्षे झाली होती आणि चिंच रस्ता रुंद करताना तुटली होती. नकाशावर नाही, जमिनीवर नाही, केवळ आमच्या जिभेवर उरलेली ती चिंच! गाडी नव्या बँकेसमोर जाऊन उभी राहिली. चालक खाली उतरून बॅटरीच्या उजेडात एकेक दार पाहू लागला. शेवटी आम्हीच अनवाणी चौकात धावलो. गाडी दाराशी लागेपर्यंत बारा मिनिटे फुकट गेली होती.

अण्णा वाचले, पण उजवा हात गेला तो गेलाच. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर उपचार होईपर्यंत दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्या बारा मिनिटांत अण्णांचे नेमके किती गेले, हे कोणीच सांगू शकणार नाही. आम्हीही ते कोणाला विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या दाराकडे पाहिले. नंबराचा पत्रा होता. पण दरवाजाबरोबर तोही तीन वेळा रंगविलेला. मग आमच्या दाराकडे वळलो. आमचा नंबर मधुमालतीच्या वेलाखाली सुखाने झोपला होता. दोष गाडीचा नव्हता, चालकाचा नव्हता. दोष आमचा होता.

आता आपण पत्ता कसा लिहितो ते पाहा. 'मु. पो. कळमनुरी, जि. हिंगोली.' १ मे १९९९ पर्यंत 'जि. परभणी' लिहीत होतो. वर नाव आणि खाली गाव. घराचा पत्ताच नाही! तरीही पत्र मिळत आले. कारण घराचा पत्ता पोस्टमनच्या डोक्यात होता. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांक सुरू झाले. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच एका मराठी माणसाने, संस्कृतच्या व्यासंगी पंडिताने केली. ४३१७०२ हे सहा आकडे देशाच्या कोणत्याही टोकाहून पत्र आपल्या गावापर्यंत आणून सोडतात. पुढे पोस्टमनची स्मरणशक्ती. पोस्टमन नवा असला तर पत्र उद्या मिळते. पत्राला उद्या चालतो, दुखण्याला चालत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणारे कोणी जवळ नसेल, तर त्याच्या वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटाला शेकडा सात ते दहांनी घटत जाते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

"आमच्या वाडवडिलांचे नंबरावाचून काय अडले?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पूर्वी मदत करणारा गावातलाच असे. आग लागली तर गल्लीतलीच माणसे घागरी घेऊन धावत. विंचू चावला तर वैद्याला घर ठाऊक, घराला वैद्य ठाऊक. आज मदत बाहेरून येते, हा मोठा फरक आहे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि साऱ्या राज्याच्या हाका पुण्याच्या केंद्रात ऐकल्या जाऊ लागल्या. २०२१ मध्ये पोलीस मदतीसाठी ११२ क्रमांक आला. त्याची केंद्रे नवी मुंबईत आणि नागपुरात झाली. म्हणजे कळमनुरीच्या गल्लीतून मारलेल्या हाकेला ओ देणारा माणूस शेकडो किलोमीटरवर बसलेला असतो. त्याने अण्णांना पाहिलेले नाही, चिंच पाहिलेली नाही. गाडी घेऊन येणारा चालकही उद्या दुसऱ्या तालुक्यातला असू शकतो. ओळखीवर चाललेले गाव अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव देऊ लागले. पण त्याला दार ओळखण्याची खूण मात्र त्याने दिली नाही.

याला एक जुने कारणही आहे. घरावर नंबर घालणारा माणूस पूर्वी काही द्यायला आलेला नसे, न्यायला आलेला असे. ऑस्ट्रियाच्या राज्यात १७७० मध्ये घरांवर क्रमांक पडले ते सैन्यभरतीसाठी. लोकांनी काही ठिकाणी ते पुसून टाकले. पॅरिसमध्ये नेपोलियनने १८०५ मध्ये रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक ही सुटसुटीत रीत घालून दिली, पण तीही सरकारच्या सोयीसाठी. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा रोग्यांच्या घरांवर तांबडी वर्तुळे काढली गेली. १८९७ मध्ये पुण्यात घरोघर झडत्या झाल्या आणि त्यातून केवढे रामायण घडले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. भिंतीवर सरकारी खूण उमटली की घरावर काही तरी ओढवणार, ही भीती लोकांच्या मनात बसली ती काही उगीच नव्हे. पुढे नंबर आला तो घरपट्टीच्या मागणीबरोबर. घरपट्टीचा आकडा कोण हौसेने दर्शनी भागी लावील?

म्हणून आपल्या दारावर काय असते पाहा. कुठे 'शुभ लाभ', कुठे '७८६', कुठे 'जय भीम'. त्याच्या बाजूला 'मातृछाया' किंवा 'आई-वडिलांची कृपा' अशी संगमरवरी पाटी. ही सारी अक्षरे असावीतच. त्यांत घराचे मन दिसते. पण एका गल्लीत तीन 'मातृछाया' असतील, तर गाडीवाल्याने कोणत्या मातेच्या छायेत शिरावे? नंबर असलाच तर तोरणाच्या आड, मीटरच्या पेटीमागे, नाहीतर पायरीपाशी खडूने लिहिलेला. जनगणनेचा प्रगणक आकडा लिहून जातो आणि पहिला पाऊस तो धुऊन नेतो.

बरे, आकडा दिसला तरी तो कोणता? घरपट्टीचा एक, नगर भूमापनाचा दुसरा, वीजमीटरचा तिसरा, जुन्या वॉर्डाचा चौथा. कित्येक गावांत क्रमांक घर बांधले त्या क्रमाने पडलेले असतात. २१२ च्या शेजारी १४०६ उभा. कचेरीतल्या वहीला हे चालते, कारण वहीला चालत जायचे नसते. नगर परिषदांचा १९६५ चा कायदा रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक देण्याचा अधिकार नगर परिषदेला देतो. तो अधिकार केवळ वसुलीच्या सोयीने वापरायचा की गाडीवाल्याच्या सोयीने, हे शेवटी तुम्हीआम्ही काय मागतो यावर ठरते.

आमची तरुण मित्रमंडळी म्हणतात, "काका, आता मोबाइलवरून लोकेशन जाते. भारतीय डाकेने २०२५ मध्ये डिजिपिन आणला; साऱ्या देशाचे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला." या सोयी चांगल्याच आहेत; त्यांचे आम्ही स्वागत करतो. परंतु शुद्ध हरपलेला माणूस लोकेशन पाठवीत नाही. काकूंच्या हातातल्या बटणांच्या फोनवर ते जात नाही. दाट वस्तीत नकाशावरचा ठिपका या घरावरून त्या घरावर उडी मारतो. नकाशा गल्लीच्या तोंडाशी आणून सोडील. तेथून दारापर्यंतची पन्नास पावले डोळ्यांनीच चालावी लागतात, आणि डोळ्यांना आकडा लागतो.

आपल्या तालुक्याला याचे आणखी एक कारण आहे. २१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी धरणी हलली, तेव्हा आपण सारे घराबाहेर धावलो होतो. दोन्ही वेळा ४.५ तीव्रतेचा धक्का होता आणि जुलैच्या धक्क्याचे केंद्र तर आपल्याच तालुक्यात, रामेश्वर तांड्याकडे होते. थोडक्यात निभावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराचे निभावले नाही. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. तेथे मदतीला धावलेले जवान आणि स्वयंसेवक परगावचे. कोणत्या ढिगाऱ्याखाली कोणाचे घर आहे हे सांगू शकणारी कितीतरी माणसे स्वतःच ढिगाऱ्याखाली होती. अशा वेळी दारावरचा आकडा पडलेला असेल. पण क्रमवार आकड्यांचा नकाशा कचेरीत आणि बाहेरगावी सुरक्षित असेल, तर अनोळखी माणसालाही गाव वाचता येते.

मग करायचे काय? फार खर्चाचे काही नाही. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत घराचा आकडा निदान चार इंच उंच, अर्धा इंच जाड रेषेचा आणि पार्श्वभूमीहून उठून दिसणारा असावा असे म्हटले आहे. हे माप घेण्यास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळ्यावर पांढरा, रस्त्यावरून दिसेल अशा उंचीवर, दिव्याच्या उजेडात येईल असा. दार गल्लीच्या आत असेल, तर एक आकडा गल्लीच्या तोंडाशीही. एका वाड्यात पाच बिऱ्हाडे असतील, तर क्रमांकापुढे अ, आ, इ. जुने बाद आकडे मात्र पुसून टाकावेत. चार आकड्यांपेक्षा एकही नसलेला बरा. गल्लीच्या दोन्ही टोकांना नावाची पाटी असावी आणि त्या पाटीवर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतची घरे येथे आहेत तेही लिहावे.

राहिली शेतातल्या आखाड्यांवरची माणसे. साप चावतो तो बहुधा तेथेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शेतावरच्या घरांना अंतरावरून क्रमांक देतात. रस्ता जेथे फुटतो तेथून मीटर मोजायचे, दहाने भागायचे. डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम. २१५ क्रमांक म्हणजे फाट्यापासून सुमारे २,१५० मीटर, डावीकडे. आकडाच वाट सांगतो! आपल्या पाणंद रस्त्यांवर असे करण्यास एक टेप आणि एक रंगाचा डबा पुरे.

घरातल्या लहानांना आणि म्हाताऱ्यांना पत्ता पाठ करवा: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गल्ली, मग क्रमांक. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. जिल्हा आधी सांगितला की गाडी भलतीकडे जात नाही. आणि गाडी बोलावल्यावर एकाने बॅटरी घेऊन चौकात उभे राहावे. पण एकट्या काकूंच्या घरात हा 'एक' कोठून आणायचा? तेथे तो आकडाच उभा असतो, रात्रभर, पगार न घेता.

आम्ही त्याच आठवड्यात दोन पत्रे रंगवून आणले. अण्णांचा पत्रा त्यांच्या दाराशी ठोकत असताना ते खुर्चीवर बसून पाहत होते. वाचा बरीचशी परत आली होती. अडखळत म्हणाले, "एवढा मोठा नंबर? आता यमालासुद्धा घर सापडेल की रे!" आम्ही म्हणालो, "अण्णा, यमाला नंबर लागत नाही. नंबर लागतो तो डॉक्टरला." अण्णा हसले. डाव्या हाताने त्यांनी खिळ्यांची पुडी आमच्यापुढे धरली.

श्रोतेहो, आज घरी गेलात की लगेच आत शिरू नका. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. क्षणभर आपण या गावात प्रथमच आलो आहोत, रात्रीचे अडीच वाजले आहेत आणि या घरात कोणाचा तरी श्वास अडकला आहे असे समजा. मग आपले दार सापडते का पाहा. नाही सापडले, तर उद्या सकाळी रंगाचा डबा उघडा.